जमशेटजी टाटा व त्यांचे सल्लागार

आपल्या चिंचपोकळीस एक तेलाची गिरणी दिवाळ्यांत निघाली होती. इ. स. १८६९ मध्यें जमशेटजी नसरवानजी टाटा ह्यांनीं ती विकत घेतली, तींत कापसाचीं यंत्रें बसविलीं, आणि ‘अलेक्झांड्रा मिल’ ह्या नांवानें चालवून दोन वर्षांत नफ्यानें विकलीही. तेव्हां त्यांचें वय अवघें तिशीचें होतें. जन्म नवसारीस, ३ मार्च १८३९ रोजीं. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत.

त्यानंतर लँकेशायरला जाऊन त्यांनीं सूतगिरण्यांचें काम बारकाईनें पाहिलें. दुसरा कोणी परळ-लालबागेकडेच जागा शोधता. जमशेटजींनीं आधीं प्रश्न मांडले: कापूस कोठें पिकतो? कोळसा किती दूर? पाणी व आगगाडी आहे काय? उत्तर आलें नागपूर. तेथें १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेंतले गृहस्थ. यंत्रांचें ज्ञान जेम्स ब्रुक्सबी ह्यांचें. त्यांच्या साह्यानें रिंग पद्धतीच्या नव्या चात्यांचा प्रयोग तेथें झाला, तोही लँकेशायर जुन्या चात्यांस चिकटून असतांना.

त्यांचा हिशेब कधीं चुकला नाहीं असें मात्र नव्हे. १८८६ त कुर्ल्याची धरमसी मिल त्यांनीं स्वस्त पाहून घेतली. तीच पुढें स्वदेशी मिल झाली. पण तिच्या जुन्या यंत्रांनीं वर्षानुवर्षें पैसा गिळला. माझ्या मतें हा प्रसंग नागपूरच्या यशाइतकाच वाचनीय आहे.

आजकाल तज्ज्ञांचें ज्ञान ‘असें असेल तर असें करावें’ अशा नियमांच्या रूपानें संगणकांत सांठवितात, व कारखान्याची आंखणी करतांना त्यास प्रश्न विचारतात. जमशेटजींस तींच उत्तरें मिळविण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागे. चांदा जिल्ह्यांतील लोखंडाविषयींचा १८८२ चा अहवाल वाचून ते पोलादाच्या ध्यासास लागले. वरोऱ्याचा कोळसा त्यांनीं जर्मनींत तपासून घेतला. तो भट्टीस निरुपयोगी ठरला. तज्ज्ञांचा नकार त्यांनीं मानला, ध्यास मात्र सोडला नाहीं. साठी ओलांडल्यावर ते अमेरिकेस गेले, व चार्ल्स पेज पेरिन ह्या अभियंत्याची योजना केली. पेरिन ह्यांनीं भूगर्भवेत्ते वेल्ड ह्यांस हिंदुस्थानांत पाठविलें.

वेल्ड ह्यांनींही चांद्याची आशा सोडून दिली. इतक्यांत १९ मे १९०४ रोजीं जर्मनींत बाड नाउहाइम येथें जमशेटजी निवर्तले. मयूरभंजांत विपुल लोखंड असल्याचें प्रमथनाथ बोस ह्यांनीं त्याच वर्षीं पत्रानें कळविलें होतें. तें खरें ठरलें, साक्चीची जागा निवडली गेली, आणि १९१२ त तेथें पोलाद निघालें.