हॅटपिन, गार्टर आणि पहिली लाँग ड्राइव्ह

क्विझमध्ये हमखास येणारा प्रश्न : मोटारकारचा जनक कोण? प्रश्न संपायच्या आत कुणीतरी बझर दाबतं. कार्ल बेंझ! पेटंट नंबर 37435, तारीख 29 जानेवारी 1886. मार्क खिशात! पण ही कार खरंच गावाबाहेर जाऊ शकते, हे जगाला कोणी दाखवलं? हा प्रश्न मात्र मी आजवर एकाही क्विझमध्ये ऐकला नाही. उत्तर आहे बर्था बेंझ, म्हणजे कार्लची बायको. माझ्या मते ऑटोमोबाईलच्या जगातली पहिली टेस्ट इंजिनिअर. आणि तीसुद्धा बिनाडिग्रीची!

बर्थाचा जन्म 3 मे 1849 चा, जर्मनीतल्या फोर्ट्झहाइम गावी. घर खाऊनपिऊन सुखी होतं. पण त्या काळी त्यांच्या बाडेन प्रांतात मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते. त्यामुळे इंजिनिअरिंग शिकण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे तिची गाठ पडली कार्लशी. डोकं जबरदस्त, खिसा रिकामा! कार्लचा वर्कशॉपमधला पार्टनर त्रास द्यायला लागला, तेव्हा बर्थाने लग्नाआधीच आपल्या हुंड्याचे पैसे पुढे केले आणि त्यातून पार्टनरचा हिस्सा विकत घेतला गेला. 1872 मध्ये लग्न झालं. हुंड्याचा असा उपयोग झालेला मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

संसार मात्र ओढाताणीचा. धंदा बुडायला आला होता. तशात 31 डिसेंबर 1879 च्या रात्री, लोक नववर्षाच्या तयारीत असताना, हे दोघं वर्कशॉपमध्ये जाऊन पुन्हा एकदा इंजिन सुरू होतंय का ते बघत होते. त्या रात्री कार्लचं टू-स्ट्रोक इंजिन पहिल्यांदा नीट चाललं. यापेक्षा भारी थर्टी फर्स्ट कुणाचा झाला असेल?

पुढे 1886 ला कारचं पेटंट मिळालं. तीन चाकं, 954 सीसीचं एकच सिलिंडर आणि ताकद एक हॉर्सपॉवरच्याही आत! आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमधली कुठलीही खटारा बाईक तिला सहज मागे टाकेल. पण खरी अडचण वेगळीच होती. लोक गाडी बघायचे, हसायचे आणि निघून जायचे. विकत कोण घेणार? कार्ल पक्का परफेक्शनिस्ट. अजून हे सुधारू, अजून ते सुधारू, यातच तो अडकलेला.

मग ऑगस्ट 1888 मध्ये बर्थाने ठरवलं, बास झालं. एका पहाटे कार्ल झोपेत असताना तिने आपल्या दोन मुलांना, 15 वर्षांच्या ऑयगेनला आणि 13 वर्षांच्या रिचर्डला, बरोबर घेतलं आणि मानहाइमहून थेट माहेरचा, म्हणजे फोर्ट्झहाइमचा रस्ता धरला. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. तोवर गाडी गावातल्या गावातच फिरलेली. रस्ते बैलगाड्या-घोडागाड्यांचे, वाटेत पेट्रोल पंप नाही, गॅरेज नाही, आणि टो करायला कुणी येणार नाही.

आता गंमत बघा. इंधन संपलं, तेव्हा तिने वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. कपड्यांवरचे डाग काढायला लोक ते वापरत. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं! इंधनाची नळी चोक झाली, ती तिने आपल्या हॅटच्या पिनेने साफ केली. इग्निशनची वायर उघडी पडली, तिला मोज्याच्या गार्टरने इन्शुलेट केलं. चेन बिघडली, तर लोहार गाठला. इंजिन थंड ठेवायला जिथे मिळेल तिथे पाणी भरलं. चढ आला की उतरून धक्का मारायचा. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. मशीन डिझाइनमध्ये आपण ब्रेक लायनिंगचं डेरिव्हेशन घोकतो ना, त्याची सुरुवात एका चांभाराच्या दुकानात झाली!

अंधार पडल्यावर तिघं पोचले आणि कार्लला तार गेली. काही दिवसांनी त्याच गाडीने परतही आले. पण बर्था नुसती मिरवायला गेली नव्हती. परत आल्यावर तिने सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर हवा, आणि कार्लने तो बसवला. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग, फील्ड रिपोर्ट, डिझाइन मॉडिफिकेशन आणि मार्केटिंग, सगळं एकाच ट्रिपमध्ये!

आणखी एक मजा. 1926 मध्ये डाइमलर आणि बेंझ या कंपन्या एक झाल्या आणि मर्सिडीज-बेंझ हे नाव आलं. यातली मर्सिडीज म्हणजे डाइमलरच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेकची मुलगी. ती जन्मली 1889 मध्ये, म्हणजे बर्थाच्या प्रवासानंतर एक वर्षाने. तिचं नाव गाडीवर आलं. हॅटपिनवालीचं मात्र फक्त आडनाव, तेही नवऱ्याचं.

कार्ल 1929 मध्ये गेला. बर्था 95 वर्षं जगली. 3 मे 1944 ला, तिच्या शेवटच्या वाढदिवशी, कार्ल जिथे शिकला होता त्या कार्ल्सरूहच्या टेक्निकल कॉलेजने तिला मानद सेनेटर केलं. दोन दिवसांनी ती गेली. ज्या दारातून तिला विद्यार्थिनी म्हणून आत जाता आलं नसतं, त्याच दाराने शेवटी तिचा मान राखला. माझ्या मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मुली बोटांवर मोजण्याइतक्याच, म्हणून मला हे जरा जास्तच भिडतं.

पण मित्रांनो, ही गोष्ट काही फक्त मुलींची नाही. आपली प्रोजेक्ट मॉडेल्स एक्झिबिशनच्या टेबलावर चकाचक दिसतात, पण त्यांतली किती आपण निदान लॅबबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये चालवून बघतो? बिघडेल, लोक हसतील, ही भीती असतेच. बर्थाची गाडीही वाटेत चार-पाच वेळा बिघडली, आणि ती नेमकी कुठे बिघडते ते कळलं म्हणूनच सुधारली. तेव्हा सबमिशनच्या आधी एकदा गाडी बाहेर काढा. आणि हो, हॅटपिन नसेल तर खिशात एक सेफ्टी पिन असू द्या!