इतिहासाचे उपासक फादर हेरास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा कार्यवाह बाईंनी आग्रह धरला. मी काही लेखिका नव्हे. पण आमच्या घरी उद्भवलेल्या एका प्रसंगामुळे मला एका थोर माणसाची ओळख झाली. तीच भगिनींपुढे ठेवावी, असे मनात आले.

माझ्या नातीला मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात प्रवेश मिळाला. विषय इतिहास. घरात पेढे वाटले गेले खरे, पण माझ्या जिवाला घोर लागला. ते पाद्र्यांचे कॉलेज. मुलगी वयाने कोवळी. आपले देवधर्म, आपले रीतिरिवाज तिच्याजवळ राहतील का? हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनीही हेच विचारले, आणि मला उत्तर देता येईना. शेवटी मी नातीला म्हटले, की जळगावला काय कमी आहे? ती रागावली नाही. त्या कॉलेजात फादर हेरास नावाचे एक प्राध्यापक होऊन गेले, आधी त्यांचे चरित्र समजून घे आणि मग हवे ते बोल, एवढेच ती म्हणाली. मी ते आव्हान स्वीकारले. तिने आणून दिलेले कागद दुपारच्या वेळी चष्मा लावून वाचत बसले, आणि वाचता वाचता त्या माणसात गुंतून गेले.

हेन्री हेरास यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजी स्पेन देशातील बार्सिलोना शहरी झाला. १९०४ साली, म्हणजे अवघ्या सोळाव्या वर्षी, त्यांनी जेझुइट संघात प्रवेश केला. या संघाच्या लोकांना लग्न नाही, संसार नाही, स्वतःची मालमत्ता नाही. वडीलधारे पाठवतील तेथे जायचे आणि सांगतील ते काम करायचे. ज्या कॉलेजात पुढे त्यांचे आयुष्य गेले, ते जर्मन जेझुइटांनी १८६९ साली काढलेले होते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन पाद्र्यांना येथे राहू दिले नाही. त्यांची उणीव भरून काढण्यासाठी स्पेनमधील पाद्री येऊ लागले. त्यांतच १९२२ च्या अखेरीस चौतिशीतले हेरास मुंबईच्या बंदरावर उतरले.

त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. कोणता इतिहास शिकवाल, असे प्राचार्यांनी विचारले तेव्हा त्यांनी हिंदुस्थानचा असे उत्तर दिले. त्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, असा पुढचा प्रश्न आला. काहीच नाही, पण शिकेन, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. भगिनींनो, ज्यांच्यात राहायचे त्यांना आधी समजून घ्यायचे, हा त्या माणसाचा स्वभाव होता. परक्या घरी नांदायला आलेली शहाणी सून याहून निराळे काय करते?

आणि ते खरोखरीच शिकले. दोनच वर्षांनी, १९२४ साली, त्यांनी अकबराने घातलेल्या असीरगडाच्या वेढ्यावर लेख लिहिला. हे वाचले आणि मी खुर्चीत ताठ बसले. असीरगड म्हणजे बऱ्हाणपूरच्या पुढचा आपला शेजारचा किल्ला! तेथे फारुकी सुलतानांचे खानदेशचे राज्य १६०१ च्या जानेवारीत बुडाले. त्या वेळी अकबराच्या छावणीत जेरोम झेवियर नावाचा एक जेझुइट पाद्री होता. गड फितुरीने आणि वचनभंगाने पडला, असे त्याच्या पत्रांवरून रचलेल्या हकिकतीत आहे. मोगल दरबारचे बखरकार मात्र रोगराई आणि उपासमार यांवर भर देतात. विद्वानांचा हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. आपल्या दारातल्या इतिहासाचा शोध बार्सिलोनाचा माणूस घेतो, आणि आपण मात्र त्या गडाकडे सहलीची जागा म्हणून पाहतो, याची मला थोडी लाज वाटली.

१९२६ साली त्यांनी कॉलेजातच भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकावर विसंबू नये, ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि जुनी कागदपत्रे स्वतः तपासावीत, ही त्यांची शिकवण होती. संस्थेसाठी त्यांनी मूर्ती, नाणी आणि हस्तलिखिते जमवली. १९२७ साली विजयनगरच्या आरविडू घराण्यावरील त्यांचा ग्रंथ निघाला. नंतर पल्लवांच्या इतिहासावरही त्यांनी लिहिले. जॉर्ज मोराइस या त्यांच्या शिष्याने कदंब राजांवर लिहिलेला ग्रंथ १९३१ साली याच संस्थेच्या मालेतून प्रसिद्ध झाला.

आता माझ्या मूळ शंकेकडे येते. फादर हेरास यांनी आपला धर्म कधी लपवला नाही. ते पाद्री होते आणि अखेरपर्यंत पाद्रीच राहिले. जेझुइटांच्या धर्मांतरविषयक धोरणावर त्यांनी १९३३ साली पुस्तकही लिहिले. पण त्याच माणसाने गणपतीच्या दैवताचा उगम आणि विकास यांचा अभ्यास केला. तो ग्रंथरूपाने त्यांच्या मृत्यूनंतर, १९७२ साली, प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती चित्रकलेने भारतीय वेष ल्यावा, असा त्यांचा आग्रह होता. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांना त्यांनी उत्तेजन दिले. फोन्सेकांनी मेरीमातेला साडी नेसवली, म्हणून त्यांच्याच धर्मबांधवांपैकी काहींना राग आला. म्हणजे धर्माची ओळख कशी जपावी, हा प्रश्न केवळ आम्हा आया-आज्यांनाच पडतो असे नाही, तो त्यांच्याही घरात होता.

मोहेंजोदडोच्या शोधाची वार्ता १९२४ साली जगापुढे आली, आणि पुढे तेथील मुद्रांवरच्या लिपीने हेरासांना झपाटले. ती भाषा द्रविड कुळातली असून तेथील संस्कृती पश्चिमेकडे भूमध्य समुद्रापर्यंत पसरली, असे त्यांनी मांडले. आपल्या मायदेशाच्या प्राचीन संस्कृतीचे मूळ ते भारतात शोधत होते! १९५३ साली या विषयावरील त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांचे लिपीवाचन विद्वानांनी मान्य केले नाही, आणि ती लिपी आजही सर्वमान्यपणे वाचता आलेली नाही. भाषा द्रविड असावी हे अनुमान मात्र पुढच्या अनेक अभ्यासकांनी उचलून धरले. विद्वान माणूस चुकतो, पण त्याची वाट पुढच्यांना उपयोगी पडते.

१४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबईतच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९८१ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

हे सारे वाचल्यावर मी मुलाला आणखी एक गोष्ट विचारून घेतली. त्याने सांगितले, की आपल्या राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर २८ व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य संस्थेत कोणालाही संमतीवाचून धर्मशिक्षण घ्यायला किंवा प्रार्थनेला बसायला लावता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. प्रत्येक आईने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मी नातीची ट्रंक स्वतः भरली. तिच्यात देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाची छोटी तसबीर ठेवली आणि कळण्याच्या भाकरीचे पीठही दिले. दिवाळीला ती आली तेव्हा आम्ही दोघी बऱ्हाणपूरवरून असीरगडावर गेलो. गडावर महादेवाचे देऊळ आहे आणि फारुकींची मशीदही आहे. वेढ्याच्या दोन्ही हकिकती तिने मला तेथेच बसून सांगितल्या. कोणती खरी, असे मी विचारले, तेव्हा दोन्हीकडचे पुरावे आधी वाचायला हवेत, असे ती म्हणाली. मग देवळात जाऊन तिने नेहमीसारखा हात जोडून नमस्कार केला.

माझी काळजी अगदी संपली, असे म्हणणार नाही. आजीची काळजी कधी संपत नसते. पण मुलीची ओळख जपण्याचे काम कॉलेजाचे नव्हे, ते आपल्या घराचे आहे, एवढे मला उमगले. शिक्षक कोणत्या धर्माचा, हे विचारायला हरकत नाही. पण तो सत्याशी प्रामाणिक आहे का, हे त्याआधी विचारावे, असे आता वाटते. आपल्या मुली शिकायला दूर जाऊ लागल्या आहेत, तेव्हा भगिनींनी याचा विचार करावा, एवढीच विनंती करून लेखणी खाली ठेवते.