रुडॉल्फ डिझेल : एका इंजिनामागील माणूस

आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात विहिरीवरील मोट गेली आणि तिच्या जागी इंजिनाचा आवाज घुमू लागला, तेव्हा डिझेल हा शब्द घराघरांत पोहोचला. तो मूळचा एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. म्हणून हे अल्पचरित्र आम्ही या स्मरणिकेत देत आहोत.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये एका जर्मन कारागीर कुटुंबात झाला. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. १८७० च्या युद्धात जर्मनांना फ्रान्स सोडावे लागले व हे कुटुंब लंडनला आले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी एकट्याने जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे नातलगांकडे जावे लागले. पुढे शिष्यवृत्तीच्या बळावर त्यांनी म्युनिकच्या तंत्रशाळेत प्रवेश मिळविला. तेथे प्राध्यापक लिंडे यांच्या व्याख्यानातून त्यांना कळले, की वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो. हा अपव्यय थांबविणे हेच त्यांचे जीवितकार्य ठरले.

सिलिंडरमधील हवा दट्ट्याने कितव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबली जाते, यास संपीडन गुणोत्तर म्हणतात. ते वाढले की उष्णतेचे काम अधिक मिळते. परंतु पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन आधीच मिसळलेले असतात. हे मिश्रण फार दाबल्यास अवेळी पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. डिझेल यांनी प्रथम केवळ हवाच दाबली. सायकलचा पंप मारताना तापतो, तशीच ही हवा प्रखर तापते. नंतर इंधन आत सोडले, की ते ठिणगीवाचून पेटते. इंधन आधी नसल्याने अवेळी पेटण्याचे भयही उरत नाही.

कागदावरील हा सिद्धांत प्रत्यक्षात सोपा नव्हता. हवा वातावरणाच्या २५० पट दाबापर्यंत न्यावी आणि तीत इंधन अत्यल्प सोडावे, अशी त्यांची मूळ योजना होती. परंतु इतक्या विरळ मिश्रणातून मिळणारी शक्ती हवा दाबण्यात व घर्षणातच संपली असती. तेव्हा त्यांनी आपलाच सिद्धांत दुरुस्त केला, दाब बराच उतरविला व इंधनाचे प्रमाण वाढविले. १८९३ च्या पहिल्या चाचणीत यंत्राचा भाग फुटला. तरीही ते खचले नाहीत. १८९७ च्या अधिकृत चाचणीत त्यांच्या इंजिनाने इंधनातील २६ टक्क्यांहून अधिक उष्णता कामी आणली.

लहान कारागिरालाही परवडणारी शक्ती मिळावी, ही त्यांची तळमळ होती. कामगारांच्या परस्पर सहकार्यावर १९०३ साली त्यांनी ग्रंथही लिहिला. तो फारसा खपला नाही. सहकाराच्या आपल्या भूमीत हा विचार परका वाटू नये.

पुढे आजारपण व कर्ज यांनी त्यांना ग्रासले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून ते नाहीसे झाले. त्यांच्या मृत्यूचे गूढ उकलले नाही.

कष्टकऱ्यांच्या घरांतून आमच्या वसतिगृहात येणाऱ्या मुलामुलींनी या जीवनातून एक गोष्ट घ्यावी, असे आम्हांस वाटते. आपले मत अनुभवाच्या कसोटीवर घासावे, आणि ते उणे ठरल्यास निःसंकोचपणे सुधारावे.