एका इंचाची गुराब

सरखेल कान्होजी आंगरे यांचे नाव आपल्या घरांतून लहानपणीच कानांवर पडते. परंतु त्यांचे आरमार दिसायला कसे होते, असे कोणी विचारले, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे विलायती चित्रातले उंच शिडांचे जहाजच उभे राहते. मला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण मी ती जहाजे रंगवतो.

मेजावर खेळायच्या युद्धखेळासाठी शिडाची लढाऊ जहाजे फार लहान मापात करतात. एकास बाराशे हे त्यातले एक प्रचलित माप. शंभर फुटांचे जहाज त्यात बरोबर एका इंचाचे होते. वाऱ्याची दिशा धरायची, पट्टीने अंतर मोजायचे, फासे टाकायचे आणि तोफा डागायच्या. हा पोरखेळ आहे असे म्हणणाऱ्यांना मी एडिंबरोच्या जॉन क्लार्कची गोष्ट सांगतो. या गृहस्थाने आरमारात एक दिवसही नोकरी केली नव्हती, पण मेजावर इवलीशी जहाजे फिरवीत त्याने नाविक डावपेचांवरचा ग्रंथ सिद्ध केला आणि १७८२ साली छापला. मग ज्यांच्या हद्दीतला समुद्र हुसेनसागरापाशीच संपतो, त्या आम्हा हैदराबादकरांनी एवढी उठाठेव केली तर काय बिघडले?

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारात होते. मुलगा सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याने, भरती-ओहोटी पाहतच वाढला. पुढे मोगलांनी स्वराज्य पोखरून टाकले, जंजिऱ्याचा सिद्दी किनाऱ्यावर चढून आला, आणि त्या धामधुमीत कान्होजींनी नाव कमावले. सिधोजी गुजरांच्या मागून १६९८ साली सरखेलपद त्यांच्याकडे आले. कुलाबा हे त्यांचे मुख्य ठाणे; दक्षिणेला सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग. छत्रपतींच्या घरातील वादात ते आधी ताराबाईंच्या पक्षाला होते. शाहू महाराजांनी पाठविलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांना त्यांनी कैद केले. १७१४ साली बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहूंकडे वळविले. सरखेलपद मात्र त्यांच्याकडेच राहिले.

आता त्यांच्या जहाजांकडे वळतो. आंगऱ्यांच्या आरमाराचे उत्तम वर्णन, गंमत अशी, की अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने करून ठेवले आहे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची. मध्यभागी रुंद, पुढे निमुळती, आणि नाळेच्या जागी लांब चोच पुढे आलेली. त्या चोचीवरून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा समोर मारा करीत. गलबत त्याहून लहान, सहसा सत्तर टनांच्या आतले. एकच मोठे त्रिकोणी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतांनी गुराबा ओढायच्या आणि शत्रूच्या जहाजाला मागून गाठायचे, कारण बाजूच्या तोफा तिकडे वळत नाहीत.

विलायती जहाजे रंगविणाऱ्यांना काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची सवय असते. तो थाट नेल्सनच्या काळचा. कान्होजींच्या गुराबेला सागवानाचा तांबूस तपकिरी रंगच हवा. तो वाळला की पातळ काळी शाई सोडायची. ती आपोआप फळ्यांच्या खाचांत उतरते. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळायच्या. शिडे कागदासारखी पांढरी करू नयेत, मळकट सायीचा रंग द्यावा. दोरखंडांसाठी मी तंबोऱ्याच्या जवारीचा धागा उकलून त्याचा एकच तंतू घेतो. माझे वडील दरबारी गवई. जवारीचा धागा केसभर सरकवून स्वर उघडताना मी त्यांना रोज पाहिले. बोटांना ती सवय असली की इंचभर जहाजाचे दोर ताणणे अवघड जात नाही.

एक उणीव मात्र कुंचल्याने भरून निघत नाही. मेजावरची जहाजे पाण्याच्या रेषेशी कापलेली असतात, तळ नसतोच. आणि कान्होजींचे सारे मर्म त्या तळात होते. गुराब थोड्या पाण्यात तरंगे, खाड्यांत शिरे. भारी इंग्रजी जहाजाला तिचा पाठलाग करवत नसे. तेव्हा हा उथळ तळ खेळाच्या नियमांतच लिहावा लागतो, नाहीतर कान्होजी दर डावाला हरतील.

दुसरा वाद निशाणाचा. खेळायला येणारी तरुण मंडळी या जहाजांवर कवटीचे काळे निशाण मागतात, कारण इंग्रजी पुस्तकांत कान्होजींना चाचा म्हटले आहे. मी ते लावू देत नाही. कोकणच्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाने सरखेलांचे दस्तक घ्यावे, न घेतल्यास जहाज जप्त व्हावे, ही त्यांची रीत होती. पोर्तुगीज हेच दोनशे वर्षे करीत आले होते. त्यांच्या परवान्याला कोणी चाचेगिरी म्हटले नाही. १७१२ साली कान्होजींच्या लोकांनी मुंबईच्या गव्हर्नराचे जहाज पकडले. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्यात मारला गेला, आणि त्याच्या पत्नीला तीस हजार रुपये घेऊन सोडण्यात आले. हा प्रसंग झाकण्याचे कारण नाही. कैद्यांच्या सुटकेचे पैसे घेणे त्या काळी सर्वत्र चाले. परंतु हा माणूस छत्रपतींचा नेमलेला अधिकारी होता. म्हणून तांदळाच्या कणीएवढे का होईना, निशाण भगवेच.

मुंबईचा गव्हर्नर बून याने त्यांच्यावर मोहिमांमागून मोहिमा काढल्या. १७१८ साली खांदेरीवरचा हल्ला फसला. १७२० साली विजयदुर्गासाठी फ्राम नावाचा तरंगता तोफखाना बांधून आणला, तोही वाया गेला. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. कमोडोर मॅथ्यूजची चार राजजहाजे सोबत होती. शाहूंची कुमक घेऊन बाजीराव धावले, आणि पुढल्याच महिन्यात पोर्तुगीजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतले. १७२४ साली डच विजयदुर्गाहून रिकाम्या हातांनी परतले. त्याच साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामुल्मुल्कांचा दख्खनेत अंमल बसला. आपल्या शहराच्या आसफजाही इतिहासाचा आरंभ तो.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. मुलांत भाऊबंदकी माजली, आणि १७५६ साली इंग्रजांनी पेशव्यांशी हातमिळवणी करून विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजींचे आरमार जाळले. घरच्याच माणसांनी त्या आगीला वाट करून दिली, हे मला अजून पचत नाही. १९५१ साली मुंबईतील नौदलाच्या तळाला आंग्रे हे नाव मिळाले.

ऑर्मच्या हिशेबाने एका आरमारात आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते. माझी चव्वेचाळीस गलबते आणि सात गुराबा झाल्या आहेत. आठवीला अजून शिडे चढवायची आहेत.