अख्ख्या फुटबॉलला ‘कात्रजचा घाट’ दाखवणारा आदिदासचा वारसदार : होर्स्ट डासलर

संध्याकाळी सातनंतर कात्रजमधल्या एखाद्या टर्फवर चक्कर मारा. निम्म्या पोरांच्या अंगावर कुठे ना कुठे तीन पट्ट्या दिसतील. बुटावर, चड्डीवर, नाहीतर मोज्यावर. ओरिजनल कमी, फर्स्ट कॉपी जास्त.

तीन पट्ट्या म्हणजे आदिदास, हे शेंबड्या पोरालाही माहिती आहे. पण फुटबॉल चालवणाऱ्या साहेब लोकांना पैशाची चटक कुणी लावली असं विचारलं, तर त्याच तीन पट्ट्यांच्या घरातल्या एका माणसाचं नाव पुढे येतं, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं.

त्याचं नाव होर्स्ट डासलर.

आपल्याकडे ‘कात्रजचा घाट दाखवणे’ असा एक वाक्प्रचार आहे. 1663 साली शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानाची बोटं छाटली. त्यानंतर कात्रजच्या घाटाकडे बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले, खानाची फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज दुसऱ्या वाटेने सिंहगडाकडे निघून गेले, असं सांगतात. महाराजांची ती युद्धनीती होती, तिच्याशी या गड्याची तुलना होऊच शकत नाही. पण वाक्प्रचाराचा जो अर्थ आज उरलाय, म्हणजे लोकांचं लक्ष एकीकडे आणि खरा डाव दुसरीकडे, तो होर्स्टला बरोबर लागू पडतो.

जगाचं लक्ष मैदानावरच्या खेळाडूंकडे होतं. हा माणूस व्हीआयपी बॉक्समध्ये बसलेल्यांवर फिल्डिंग लावत होता.

गावाच्या मधोमध भांडण

होर्स्टचा जन्म 12 मार्च 1936 चा. गाव जर्मनीतलं हर्त्सोगेनाउराख. त्याचे वडील आडी आणि काका रुडॉल्फ, दोघं भाऊ मिळून बुटांचा कारखाना चालवायचे. होर्स्ट जन्मला त्याच वर्षी बर्लिन ऑलिम्पिक झालं. तिथे चार सुवर्णपदकं जिंकणाऱ्या जेसी ओवेन्सच्या पायात डासलर बंधूंचेच बूट होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर भावाभावांत फाटलं. 1948 साली वाटण्या झाल्या. आडीने आपल्या नावातून ‘आदिदास’ उभी केली आणि रुडॉल्फने ‘प्युमा’. गावातून आउराख नावाची नदी वाहते. एका काठाला आदिदास, दुसऱ्या काठाला प्युमा. समोरच्याशी बोलायच्या आधी लोक त्याच्या पायातले बूट बघायचे, इतकं हे वैर टोकाला गेलं होतं.

अशा घरात होर्स्ट वाढला. चार बहिणींत एकुलता एक भाऊ. वडील आडी बुटात रमणारा माणूस. शिलाई कशी असावी, तळ कसा असावा, यातच त्यांचा दिवस जायचा. 1954 च्या वर्ल्डकप फायनलला पावसात चिखल झाला, तेव्हा पश्चिम जर्मनीच्या बुटांना आडीने बनवलेले बदलता येणारे स्टड होते. जर्मनीने त्या वेळच्या तगड्या हंगेरीला 3-2 ने हरवलं आणि आदिदासचं नाव जगभर झालं.

वडील बुटांवर मेहनत घेत होते. पोरगा माणसांवर मेहनत घ्यायला लागला.

फुकटचे बूट

1956 साली मेलबर्नला ऑलिम्पिक होतं. 20 वर्षांचा होर्स्ट बूट घेऊन तिथे पोहोचला. त्या काळी ऑलिम्पिकच्या खेळाडूला खेळातून एक रुपयाही कमवायला बंदी होती. होर्स्टने खेळाडूंना बूट सरळ फुकट वाटले. जिंकणाऱ्याच्या पायात तीन पट्ट्या दिसल्या की फोटो पेपरात छापून येणार आणि दुकानात बूट खपणार, हा त्याचा साधा हिशोब होता.

पुढे प्युमाही यात उतरली आणि नुसत्या बुटांवर भागेना. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकपर्यंत प्रकरण पाकिटात रोख रक्कम देण्यापर्यंत गेलं होतं. काका-पुतण्याच्या भांडणात खेळाडूंचे भाव वाढत होते.

इथे होर्स्टच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली असावी. खेळाडू चार-सहा वर्षांत रिटायर होतो, प्रत्येक स्पर्धेला नवा गाठावा लागतो. संघटनेचा अध्यक्ष मात्र वीस-वीस वर्षं खुर्चीवर बसतो. टीमने कोणता ड्रेस घालायचा, कोणता बॉल वापरायचा, स्पर्धा कुठे घ्यायची, सगळं त्याच्या एका सहीवर ठरतं. मग दरवेळी अकरा खेळाडू कशाला गाठायचे?

एक देश, एक मत

1960 च्या आसपास होर्स्ट फ्रान्सच्या अल्सास भागात गेला आणि आदिदासची फ्रेंच शाखा बघायला लागला. वडिलांच्या नजरेपासून लांब. लांडर्सहाइम या छोट्याशा गावात त्याने ऑफिस थाटलं आणि सोबत पाहुण्यांसाठी झकास रेस्टॉरंट. जगभरातले क्रीडा संघटनांचे पदाधिकारी तिथे मुक्कामाला यायला लागले. कुणाला काय आवडतं, कुणाचं कुणाशी जमत नाही, कुणाला कशाची गरज आहे, याची माहिती त्याची माणसं नोंदवून ठेवायची, असं या विषयावर काम केलेल्या पत्रकारांनी लिहिलंय.

हे सगळं कशासाठी? तर फिफाच्या मतदानाची पद्धत बघा. फिफामध्ये प्रत्येक देशाच्या संघटनेला एकच मत असतं. पाच वेळा वर्ल्डकप जिंकलेल्या ब्राझीलला एक, भारताला एक आणि जेमतेम काही हजार वस्तीच्या माँतसेरात बेटालाही एकच. आज असे 211 सदस्य आहेत.

साखर कारखान्याच्या किंवा बँकेच्या संचालक मंडळाची निवडणूक जवळून बघितलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल. मतदार लाखात असले की सभा घ्यावी लागते. मतदार शे-सव्वाशे असले की प्रत्येकाच्या घरी जाऊन बसता येतं.

11 जून 1974 ला फ्रँकफर्टमध्ये फिफाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला इंग्लंडचे सर स्टॅनली राउस, 1961 पासून खुर्चीवर. दुसऱ्या बाजूला ब्राझीलचे जोआओ हॅवेलांज. हॅवेलांज यांनी प्रचारासाठी जग पालथं घातलं होतं. वर्ल्डकपमध्ये जास्त टीम घेऊ, आशिया-आफ्रिकेत स्पर्धा भरवू, प्रशिक्षणाला पैसा देऊ, अशी त्यांची आश्वासनं होती. राउस यांनी वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेबद्दल मवाळ भूमिका घेतली होती, त्यामुळे आफ्रिकी देश त्यांच्यावर आधीच चिडलेले होते. आशिया-आफ्रिकेची नाराजी खरी होती, हे इथे विसरून चालणार नाही.

होर्स्ट आधी राउस यांच्या बाजूने होता. वारं कुठे वाहतंय ते कळल्यावर त्याने बाजू बदलली. दुसऱ्या फेरीत हॅवेलांज 68 विरुद्ध 52 मतांनी जिंकले.

आता झाली पंचाईत. आश्वासनं तर ढीगभर दिलेली आणि फिफाच्या तिजोरीत त्या मानाने खडखडाट. पैसा आणायचा कुठून?

टक्केवारीचा खेळ

इथे होर्स्ट कामाला आला. पॅट्रिक नॅली नावाच्या इंग्लिश मार्केटिंगवाल्याला सोबत घेऊन त्याने कोका-कोलाला गाठलं. 1976 साली फिफा आणि कोका-कोलाचा करार झाला. त्या पैशातून 1977 साली ट्युनिशियात फिफाची पहिली युवा स्पर्धा भरली. 1982 चा वर्ल्डकप 16 ऐवजी 24 टीमचा झाला. हॅवेलांज यांनी दिलेला शब्द पाळला गेला आणि तो पाळायला पैसा कुणी आणून दिला हे फिफात सगळ्यांना माहिती होतं.

आज स्टेडियमभर दिसणाऱ्या जाहिरातींच्या पाट्या, ऑफिशियल पार्टनर, एका धंद्यातली एकच कंपनी, या सगळ्या पद्धतीची बांधणी त्या काळात झाली. होर्स्टची डोक्यालिटी मानावीच लागेल.

1982 साली त्याने जपानच्या डेन्ट्सू या जाहिरात कंपनीबरोबर स्वित्झर्लंडमध्ये नवी कंपनी काढली. नाव आयएसएल. काम काय, तर फिफाकडून वर्ल्डकपचे मार्केटिंग हक्क घ्यायचे आणि कंपन्यांना विकायचे. ऑलिम्पिक समितीतही त्याचं वजन होतं. 1980 साली समारांच ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष झाले, त्यात होर्स्टचा हात असल्याचं मानलं जातं. 1985 साली ऑलिम्पिकची मोठी स्पॉन्सर योजना सुरू झाली, तिचं कामही आयएसएलकडेच गेलं.

आता यात घोटाळा कसा होतो ते समजून घ्या. समजा एखाद्या हक्काची बाजारात किंमत 100 रुपये आहे. संघटनेचा साहेब तो हक्क टेंडरबिंडर न काढता ओळखीच्या कंपनीला 70 ला देतो. कंपनी 100 ला विकते आणि वरच्या 30 मधले पाच गुपचूप साहेबाच्या खात्यात जातात. आपल्याकडे रस्त्याच्या कामात याला टक्केवारी म्हणतात. संघटनेचे 30 रुपये बुडाले, पण ते कुणा एकाच्या खिशातून गेलेले दिसत नाहीत, म्हणून कुणी ओरडत नाही. त्या 30 रुपयांत कुठल्यातरी गावाला मैदान मिळालं असतं, कुठल्यातरी पोरींच्या टीमला कोच मिळाला असता. ते झालं नाही याची बातमी कधी होत नाही.

51 वर्षांचं आयुष्य

होर्स्ट झोप कमी आणि प्रवास जास्त करणारा माणूस होता. घरच्यांपासून लपवून त्याने वेगळे धंदेही उभे केले होते. 1978 साली आडी गेले, 1984 च्या अखेरीस आई गेली आणि आदिदासची सूत्रं पूर्णपणे होर्स्टच्या हातात आली. पण सुख फार काळ टिकलं नाही. एप्रिल 1987 मध्ये कॅन्सरने त्याचं निधन झालं. वय 51. तीन वर्षांत घरच्यांनी आदिदास विकूनही टाकली.

होर्स्ट गेला, पण त्याने लावलेली सवय राहिली.

2001 साली आयएसएल दिवाळखोरीत गेली. कंपनीची कागदपत्रं तपासायला घेतली आणि एकेक भानगड बाहेर यायला लागली. 2008 साली स्वित्झर्लंडच्या झुगमध्ये खटला चालला, तेव्हा 1989 ते 2001 या काळात कंपनीने क्रीडा पदाधिकाऱ्यांना सुमारे 13 कोटी 80 लाख स्विस फ्रँक वाटल्याचं समोर आलं. पैसे पोहोचवणाऱ्यांमध्ये मुख्य नाव होतं जाँ-मारी वेबर यांचं. ते एकेकाळी होर्स्टचेच सहाय्यक होते.

सगळ्यात भारी किस्सा 1997 चा. हॅवेलांज यांच्यासाठी असलेले 15 लाख फ्रँक चुकून थेट फिफाच्याच खात्यात जमा झाले. म्हणजे लाच साहेबाला द्यायची, ती पोहोचली ऑफिसच्या हिशोबात. पैसे निमूटपणे पुढे सरकवण्यात आले. ही कागदपत्रं 2012 साली जाहीर झाली. हॅवेलांज आणि ब्राझील फुटबॉलचे प्रमुख रिकार्डो टेक्सेरा या दोघांची नावं त्यात होती. टेक्सेरा हे हॅवेलांज यांचे एकेकाळचे जावई. 2013 मध्ये हॅवेलांज यांनी फिफाचं मानद अध्यक्षपद सोडलं. 2016 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी ते वारले.

शिक्षा झाली का? लाच घेतल्याबद्दल नाही. कारण तेव्हाच्या स्विस कायद्यात खाजगी संघटनेच्या पदाधिकाऱ्याने असा पैसा घेणं हा गुन्हाच नव्हता. फिफा ही कागदोपत्री एक संस्था, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मंडळासारखी. काही रक्कम परत भरून प्रकरण मिटवण्यात आलं.

होर्स्टवरही कधी खटला चालला नाही. कोर्टात जे आकडे आले ते त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षांचे आहेत, हेही इथे स्पष्ट सांगायला हवं. पण कंपनी त्याची, माणसं त्याची आणि पद्धतही त्याचीच.

मग पुढे काय बदललं?

27 मे 2015 च्या पहाटे झुरिकच्या एका पंचतारांकित हॉटेलवर स्विस पोलीस धडकले आणि फिफाचे सात पदाधिकारी ताब्यात घेतले. केस अमेरिकेने उभी केली होती. आरोप तोच जुना : स्पर्धांचे हक्क देताना लाच. 1998 पासून अध्यक्ष असलेल्या सेप ब्लाटर यांना खुर्ची सोडावी लागली. 2016 साली स्वित्झर्लंडने कायदा कडक केला आणि खाजगी क्षेत्रातली लाच थेट फौजदारी कायद्यात आणली.

पण एक देश एक मत ही पद्धत तशीच आहे, आणि वरच्यांच्या भांडणाची किंमत अजूनही खेळाडूच मोजतात. ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने भारताच्या फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. त्यात लाचेचा विषय नव्हता, कारभार कुणाच्या हातात असावा यावरून वाद होता. पण त्याच वेळी गोकुलम केरळच्या महिला खेळाडू आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना न खेळता परत यावं लागलं. अकरा दिवसांत निलंबन उठलं, ऑक्टोबरमध्ये मुलींचा अंडर-17 वर्ल्डकपही भारतात झाला आणि त्याची फायनल नवी मुंबईत रंगली. ती आशियाई स्पर्धा मात्र त्या पोरींच्या हातून गेली ती गेलीच.

कात्रजच्या टर्फवर तासाचे पैसे पोरं वर्गणी काढून भरतात. कुणी किती दिले आणि कुणाचे राहिले, याचा हिशोब व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना दिसतो. पन्नास रुपये कमी पडले तरी विचारणा होते. होर्स्ट डासलरला आयुष्यभर जे लोक भेटले, त्यांना असं विचारणारं कुणी नव्हतं.