डालडाच्या डब्यापासून एमआरआयपर्यंत

शेलूबाजारच्या अनेक घरांत एकेकाळी तुळस डालडाच्या रिकाम्या पिवळ्या डब्यात लावलेली असे. पातळ तेलाचे घट्ट वनस्पती तूप होते ते हायड्रोजनमुळे. ज्यांच्या शोधातून हे साधले ते पॉल साबातिये फ्रान्समधल्या कार्कासोनचे, जन्म १८५४ चा.

पॅरिसमध्ये डॉक्टरेट करून ते १८८२ मध्ये दक्षिणेतल्या तुलूझला आले आणि तिथलेच झाले. तेव्हा फ्रान्समध्ये नाव मिळवायचे तर पॅरिसच गाठावे लागे. १९०७ मध्ये तिथून बोलावणे आले, तरी ते गेले नाहीत. (जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून बरे वाटते.)

पॅरिसमध्ये म्वासाँ आणि मुरो यांनी ॲसिटिलीन वायू निकेलवरून सोडून पाहिला होता. हे काम ते पुढे नेणार नाहीत, याची आधी चौकशी करूनच साबातिये यांनी त्यात हात घातला. १८९७ मध्ये सांदराँ या धर्मगुरू सहकाऱ्यासोबत त्यांनी एथिलीन वायू तापलेल्या निकेलच्या भुकटीवरून सोडला. बाहेर आलेल्या वायूत इथेन निघाला, म्हणजे एथिलीनला हायड्रोजन जोडला गेला होता. निकेल मात्र संपत नव्हते. रेणू धातूच्या पृष्ठभागाशी क्षणभर कच्चे नाते जोडतात, ते तुटले की धातू पुन्हा मोकळा, असे त्यांचे म्हणणे होते. १९१२ चे नोबेल त्यांना ग्रिन्यार यांच्यासोबत मिळाले. त्यात सांदराँ यांचे नाव नव्हते, हे मला खटकते. १९४१ मध्ये साबातिये तुलूझमध्येच वारले.

तेल घट्ट करण्याचे पेटंट मात्र १९०२ मध्ये जर्मनीच्या नॉर्मान यांनी घेतले. पुढे मुंबईत शिवडीला कारखाना निघाला आणि डालडा घरोघरी पोचले. अर्धवट हायड्रोजन जोडलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होते आणि ते हृदयाला घातक असते, हे फार उशिरा कळले. भारतात २०२२ पासून त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

तीच रासायनिक क्रिया आता एमआरआयसाठी वापरून पाहत आहेत. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजनच्या दहा लाख केंद्रकांमागे जेमतेम पाच जास्तीची केंद्रके संकेत देतात. शरीरात पाणी भरपूर म्हणून चित्र उमटते. पेशीतले थोडेसे रसायन दिसत नाही. पॅराहायड्रोजन या प्रकारात दोन्ही केंद्रकांचे फिरणे एकमेकांच्या उलट जुळलेले असते. ही जोडी न फुटता एकाच रेणूवर बसली, तर संकेत हजारो पटींनी वाढू शकतो. अडचण धातूच्या पृष्ठभागाचीच आहे. तिथे हायड्रोजनचे अणू सुटे होऊन भटकतात आणि जोडी मोडते. म्हणून प्लॅटिनमसोबत कथील मिसळून दोन धातूंचे नॅनोकण करतात. मधल्या कथलामुळे ही भटकंती कमी होते. शिवाय हा उत्प्रेरक घन असल्याने टोचायच्या द्रवातून गाळून काढता येतो. हे सारे अजून प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे रुग्णांनी एमआरआय केंद्रात जाऊन त्याची मागणी करू नये.