बाबूराव पटेल: ‘फिल्मइंडिया’वाला माणूस

वीकएंडला कुठला सिनेमा बघायचा हे आजकाल आपण मोबाईलवर किती स्टार दिसतात त्यावरून ठरवतो. स्टार कोण देतं, का देतं, कुणाला ठाऊक! पण एक काळ असा होता की नवीन सिनेमा आला की निर्माते, नट, नट्या सगळे एकाच माणसाच्या मासिकाची धास्ती घेऊन बसायचे. आणि हा माणूस आपल्या पालघरजवळच्या मासवण गावचा! जन्म 1904 चा, मूळचा पाटील, पुढे झाला बाबूराव पटेल.

शाळा अर्धवट सुटलेली. पण 1935 मध्ये याने मुंबईत मासिक काढलं ते चक्क इंग्रजीत, ‘फिल्मइंडिया’. हे मला फार भारी वाटतं. इथे अल ऐनमध्ये क्लायंटला साधा ईमेल पाठवताना आपण दोनदा स्पेलिंग तपासतो, आणि हा मॅट्रिकही न झालेला गडी ब्रिटिश राजवटीत इंग्रजीतून सगळ्यांची टोपी उडवत होता. मासिकाची मुखपृष्ठंही देखणी. त्यातली बरीच एस. एम. पंडितांनी रंगवलेली. पण लोक अंक घ्यायचे ते त्याच्या परीक्षणांसाठी आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या तिरकस उत्तरांसाठी.

नुसती टिंगल नव्हती हो. 1938 साली ‘द ड्रम’ हा कोर्डाचा इंग्रजी सिनेमा मुंबईत लागला आणि पुढच्या वर्षी ‘गंगा दिन’ आला. दोन्हींत हिंदुस्थानी माणूस म्हणजे एक तर दगाबाज, नाही तर साहेबाचा इमानी नोकर. ‘फिल्मइंडिया’ने या असल्या चित्रणाविरुद्ध रान उठवलं. ख्वाजा अहमद अब्बासही तेव्हा या मासिकात लिहायचे. मुंबईत निदर्शनं झाली, ‘द ड्रम’ मागे घ्यावा लागला. सिनेमाच्या मासिकाने हे करून दाखवणं ही काही छोटी गोष्ट नव्हे.

अंदाज मात्र चुकायचे. 1944 मध्ये ‘ज्वार भाटा’त एक नवा पोरगा आला, बाबूरावांनी त्याला पार निकालात काढलं. पोरगा म्हणजे दिलीप कुमार! आणि त्याच वर्षी बाबूरावांनी स्वतः ‘द्रौपदी’ दिग्दर्शित केला, पाठोपाठ 1946 मध्ये ‘ग्वालन’. दोन्हींत नायिका सुशीलाराणी, त्यांची पुढे झालेली पत्नी. आपल्याच मासिकात जाहिराती करूनही ते चालले नाहीत. आता इथे खरा प्रश्न येतो. दुसऱ्यांच्या सिनेमांच्या जाहिराती घ्यायच्या, त्यांनाच झोडपायचं, आणि शेजारच्या पानावर स्वतःचा माल विकायचा, हे कितपत बरोबर? माझ्या मते नाहीच. पण जाहिरात मिळाली म्हणून हात आखडता घेणाऱ्यांपैकी हा माणूस नव्हता, हेही मान्य करायला पाहिजे.

त्याहून मोठा प्रश्न फाळणीनंतरचा. लेखणी सिनेमावरून राजकारणाकडे वळली आणि कडवट होत गेली. नेहरूंवर टीका समजू शकतो. पण मुसलमानांबद्दल जे काही लिहिलंय ते वाचताना त्रास होतो. लाहोर-पेशावरच्या लोकांबरोबर रोज एका टेबलावर डबा उघडणाऱ्या माझ्यासारख्याला तर जास्तच. गंमत बघा, याच माणसाने 1957 मध्ये मेहबूब खानच्या ‘मदर इंडिया’ला भारतात आजवर निघालेल्या सिनेमांत सर्वश्रेष्ठ ठरवलं होतं! 1960 च्या सुमारास स्वतःचं नवीन मासिक काढलं तेही ‘मदर इंडिया’ याच नावाचं. त्यात सिनेमा कमी, राजकारण जास्त. जोडीला होमिओपॅथी सुरूच. 1967 मध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूरहून जनसंघातर्फे लोकसभेवरही निवडून गेले.

1982 मध्ये बाबूराव गेले. सुशीलाराणी मोगूबाई कुर्डीकरांच्या शिष्या. पाली हिलच्या ‘गिरनार’ बंगल्यात त्यांनी गाणं जपलं, शिकवलं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. त्या 2014 मध्ये वारल्या.

‘फिल्मइंडिया’चे बरेच जुने अंक इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेत, फुकट वाचता येतात. सुरुवात 1938-39 च्या अंकांपासून करा, आणि आधी वाचकांची प्रश्नोत्तरं उघडा. 1947 नंतरचे अंकही वाचा, पण ते रात्री झोपण्यापूर्वी नको.